टाकीतला गंज

विदर्भातल्या घरांत 'गंज' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. स्वयंपाकघरात दूध किंवा भात ज्यात ठेवतात ते भांडे म्हणजे गंज, आणि लोखंडाला जे खाते तेही गंजच. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या दोहोंचा संबंध जोडण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु जुन्या मोटरसायकलची पेट्रोलची टाकी ज्याने आतून पाहिली आहे, त्याला हा योगायोग अर्थपूर्ण वाटल्यावाचून राहणार नाही. तेथे पात्र आणि त्याचा क्षय यांना वेगळे करणे हेच मुळी सगळे काम असते.

ही टाकी बाबांच्या जावाची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ च्या सुमारास जावाची येझदी झाली आणि १९९६ साली कारखानाच बंद पडला. बाबांची गाडी १९७१ ची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असताना त्यांनी ती जुनीच विकत घेतली होती. किक मारायची दांडी पुढे झुकवली की तोच गिअरचा खटका, ही त्या गाडीची खासियत नव्या माणसाला समजावून सांगताना बाबांना होणारा आनंद व्याकरणाच्या शिक्षकाला अपवाद सांगताना होतो तसा असे. ते गेल्यानंतर नऊ वर्षे गाडी गोठ्याच्या छपराखाली उभी राहिली. टाकी अर्धी भरलेली होती.

अर्धी भरलेली टाकी ही गंजाला सर्वांत मानवणारी जागा. पेट्रोलच्या वरची पोकळी हवेने भरते. पावसाळ्यातल्या दमट हवेतले पाणी रात्रीच्या गारव्याने पत्र्यावर थेंब धरते. हे थेंब ओघळून खाली येतात, आणि पाणी पेट्रोलहून जड असल्याने थेट तळाशी जाऊन बसतात. म्हणून टाकी छताला आणि तळाला गंजते, मधला पट्टा त्या मानाने बरा असतो. तांब्यावर चढणारा हिरवट थर तांब्याला चिकटून राहतो आणि त्याचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापतो, फुगतो, पापुद्र्यांनी सुटतो आणि खालचे कोरे लोखंड पुन्हा हवेपुढे उघडे करतो. तो स्वतःच्याच आश्रयाला पोखरत जातो.

धाकट्या भावाचे म्हणणे साधे आणि व्यवहाराला धरून होते. "दादा, तयार टाकी मिळते. नवी बसव, रंग दे, मोकळा हो." त्याला उत्तर देणे मला सोपे गेले नाही. टाकीच्या डाव्या अंगाला एक पोचा आहे. एका पावसाळ्यात नाल्याच्या पुरात गाडी आडवी झाली तेव्हाचा. गुडघे टेकायच्या रबराभोवती मरून रंग उडून आतला पत्रा चमकतो. तेथे वीस-पंचवीस वर्षे बाबांचे गुडघे घासले. आई त्यांच्या मागे बसून आठवडी बाजाराला जायची, आणि आजही अंगणातून जाताना त्या टाकीवर सहज हात ठेवते. नवी टाकी बसवली असती तर गाडी चालली असती. पण मग ती कोणाची गाडी?

तेव्हा ठरले ते असे, की बाहेरून काही बदलायचे नाही आणि आतून काही ठेवायचे नाही. हे वाक्य बोलायला जितके नेटके, तितकेच करायला अवघड.

गावातल्या मिस्त्रींनी प्रथम तेजाब सुचवले. संडास धुण्यासाठी जे वापरतात तेच, मिठाचे आम्ल. ते तासाभरात गंज खाते, हे खरे. परंतु गंज कोठे संपला आणि लोखंड कोठे सुरू झाले हे त्याला कळत नाही. ते पत्राही खात जाते. चोपन्न वर्षांच्या पत्र्याला हा वेग परवडणारा नव्हता. आम्ही लिंबूसत घेतले. ते सावकाश चालते, आणि सावकाश चालणाऱ्या गोष्टीवर लक्ष ठेवता येते.

त्याआधीची तयारीच दोन दिवसांची. दोन-फेऱ्यांच्या इंजिनाला पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. पेट्रोल उडून गेले की त्या तेलाचा आणि जुन्या इंधनाचा राळेसारखा थर मागे उरतो. तो साबणाच्या गरम पाण्याने काढल्याखेरीज आम्ल गंजापर्यंत पोचतच नाही. रिकाम्या टाकीबद्दल मिस्त्रींनी बजावले ते प्रत्येकाने ध्यानात ठेवावे असे आहे : भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी अधिक घातक, कारण तिच्यात वाफ कोंडलेली असते, जवळ ठिणगी नको. मग पेट्रोलचा कॉक काढून भोक बुचाने बंद केले, आत सायकलची जुनी साखळी सोडली आणि टाकी दोघांनी मिळून सुपासारखी हलवली. साखळी अशासाठी, की खिळे किंवा खडी टाकली तर त्यांतले एखादे आतच राहते. साखळी टोकाला धरून अख्खी बाहेर ओढता येते. त्यानंतर कोमट पाण्यात विरघळवलेले लिंबूसत गळ्यापर्यंत भरले आणि रंगावर ओघळ येऊ नये म्हणून तोंडाभोवती ग्रीस फासले. दुसऱ्या दिवशी ओतले ते पाणी गढूळ चहासारखे होते.

आम्ही एम. ए.च्या वर्गात पाठचिकित्सा शिकवतो तेव्हा विद्यार्थ्यांना ती नेहमी एक कोरडी, कारकुनी विद्या वाटते. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि पुढच्यांनी त्यात आपल्या ओव्या घालू नयेत असे बजावले, एवढे उत्तरपत्रिकेत येते. परंतु शुद्ध करणाऱ्यासमोरचा पेच उत्तरपत्रिकेत येत नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी जे चढले ते मूळ नव्हे, हे खरे. तरी कित्येकदा त्यानेच मूळ धरून ठेवलेले असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तिच्यात संपादकांनी मूळ संहितेतून वगळलेला मजकूर फेकून दिला नाही. तो तळटिपांत आणि परिशिष्टांत ठेवला. काढायचे, पण काय काढले त्याचा हिशेब ठेवायचा, ही त्या कामाची नीती.

टाकीने हाच पेच माझ्यापुढे फार ठोसपणे मांडला. आम्ल काढून, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेसुरले मारून, आत साधे पाणी भरले तेव्हा तळाच्या जोडावर सुईच्या टोकाएवढे तीन थेंब उभे राहिले. नऊ वर्षांत टाकी कधी गळली नव्हती. मिस्त्री म्हणाले, "सर, गंजानंच भोकं बुजवून ठेवली होती." ज्याने पत्रा खाल्ला त्यानेच खाल्लेली जागा भरून धरली होती. जुन्या गाड्यांचे काम करणाऱ्यांना यात नवे काही नाही. मला मात्र ते थेंब पुसवेनात. कोणत्याही क्षयाविषयी, तो भाषेचा असो की नात्याचा, इतके सरळ विधान माझ्या वाचनात फारसे आलेले नाही.

भोकांना डाख दिला. दिवा न लावता, टाकी पाण्याने भरून, तापवलेल्या खड्याने. डाखात कथील असते, आणि कल्हईतही. लहानपणी दारात कल्हईवाला बसायचा. तापलेल्या पितळेवर नवसागर टाकून, कापडाच्या बोळ्याने कथील फिरवायचा. त्याने केलेले काम कायमचे असते असा दावा त्याने कधी केला नाही. तो पुन्हा यायचा.

टाकी आतून राखाडी, कोरी झाली. हाच तिचा सर्वांत दुबळा क्षण. आम्लातून निघालेले लोखंड इतके उघडे असते की ओलाव्याने डोळ्यांदेखत त्यावर नारिंगी छटा चढू लागते. पाणी ओतून होताच हेअर ड्रायरची गरम हवा सोडायची, आणि कोरडी होताच पेट्रोल-तेलाचे मिश्रण घालून टाकी सर्व बाजूंनी फिरवायची, म्हणजे आत तेलाचा पातळ थर बसतो. निव्वळ शुद्ध अवस्थेत लोखंड राहू शकत नाही. त्याला कशाचा तरी लेप लागतो. प्रश्न फक्त कोणता लेप, एवढाच.

२०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली दुचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आमची गाडी त्यात बसते. परंतु अशी नोंद झाली की ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणायची, रोजच्या वापरासाठी नाही. भावाला हा मान आवडला. मी अजून अर्ज केलेला नाही. कारण टाकीचे शास्त्र नेमके उलटे सांगते. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि पाणी फार झाले की त्याच्यासह वेगळे होऊन तळाशी बसते. उभ्या गाडीला हे पेट्रोल पूर्वीपेक्षा अधिक बाधते. टाकी एक तर काठोकाठ भरलेली हवी किंवा वापरातली हवी. जपण्याचा तिसरा मार्ग नाही.

म्हणून दर रविवारी गाडी बाजाराला जाते. आई मागे बसत नाही, गुडघे दुखतात. पिशवी मात्र तीच देते. महिन्यातून एकदा मी बॅटरीच्या उजेडात टाकीत डोकावतो. झाकणाच्या कडेखाली, जेथे तेल पोचत नाही, तेथे एक बारीक तपकिरी रेघ पुन्हा उमटली आहे. भाऊ फोनवर विचारतो, "काढणार का?" सध्या नाही. ती किती वाढते ते पाहतो आहे.