उजवीकडून आलेली ओळ

आजोबांची ज्ञानेश्वरी उघडली की आधी वास येतो. सुकलेल्या कडुनिंबाच्या पानांचा, आणि त्यामागून हैदराबादच्या एप्रिलचा, जो कागदालाही भाजून पिवळा करतो. ओव्या डावीकडून निघालेल्या. समासातल्या पेन्सिलीच्या ओळी मात्र उर्दू लिपीत, उजवीकडून आलेल्या. समोरच्या गल्लीतून कुणी भेटायला यावं तशा.

आजोबा उस्मानिया विद्यापीठाचे. तिथं तेव्हा गणितही उर्दूतून शिकवत. म्हणून हिशेब उर्दूत, रागावणं दखनीत आणि देव मराठीत. मराठी पुस्तकं इसामिया बाजारातल्या मराठी ग्रंथ संग्रहालयातून यायची. 1922 पासूनचं ते. 1956च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेला, परभणी-नांदेडचे सोयरे घर न सोडता दुसऱ्या राज्याचे झाले, आमच्या गौलीगुड्याच्या वाड्यात दिवसभर कोण कुठं राहणार याच्याच गोष्टी चालल्या, आणि दिवेलागणीला आजोबा काखेत पुस्तक मारून ते बदलायला निघाले.

रोजच्यासारखे.

वाडा विकला तेव्हा जातं, झोपाळा, तांब्याचा बंब, सगळं कुणी ना कुणी नेलं. मला ही पोथी मिळाली. (झोपाळा हवा होता, खोटं कशाला बोलू?)

समास मला वाचता येईना. मग एका दुपारी ती घेऊन अफझलगंजच्या जुन्या आसफिया ग्रंथालयात गेले. मुशीकाठची ती इमारत 1936 सालची. जवळच उस्मानिया दवाखान्याच्या आवारात ती चिंच, जिच्या फांद्यांना धरून 1908च्या पुरात दीडशे माणसं तगली. आत उंच छताखाली ऊन जमिनीवर सांडलेलं, पंख्याची संथ घरघर, आणि उर्दू वर्तमानपत्रात बुडालेले एक चच्चा. पोथी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी पेन्सिलीवर बोट टेकवलं, भुवया चढवल्या. अक्षरं ओळखीची, शब्द परके.

“कलले नाही,” ते अडखळत वाचू लागले. “पुन्हा... वाचने.”

उर्दूत ळ नाही, ण नाही. माझ्या जिभेनं ते परत जागेवर बसवले. कळले नाही. पुन्हा वाचणे. त्यांना लिपी येत होती, मला भाषा. आजोबांची एवढीशी ओळ ऐकू यायला आम्ही दोघं लागलो. आणि मी लहानपणापासून समजत होते, की त्या समासांत मोठं काही ज्ञान दडलेलं आहे.

“इसके माने क्या हुए बेटा?” चच्चांनी विचारलं.

माझा गळा दाटून आला होता. कसंबसं म्हटलं, “समझ में नहीं आया. फिर से पढना.”

“हौ हौ,” म्हणाले, चष्मा पुसला, पोथी उजेडाकडं सरकवली आणि तीच ओळ पुन्हा, आणखी सावकाश वाचू लागले.