रोबोटच्या गळ्यात झेंडूचा हार

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या पिंपरी-चिंचवडला या. एरवी धडधडणारे कारखाने त्या दिवशी बरेचसे गप्प असतात. यंत्रं धुऊन-पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचे हार घालून उभी असतात. कितीतरी ठिकाणी कामगारांच्या घरच्यांनाही आत बोलावतात.

मागच्या वर्षी मलाही असं बोलावणं आलं. माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी (तिला आपण चिमणी म्हणू) हिची आई चाकणला मोटारींच्या सीट बनवणाऱ्या कारखान्यात शिवणकाम करते. आई सकाळीच कंपनीच्या बसने गेलेली. "बाई, मला तुम्हीच घेऊन चला," म्हणून चिमणी हटून बसली.

भोसरीहून बस पकडली. मोशी मागे पडली, इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि नाशिक रस्त्यावर नेहमीप्रमाणे अडकलो. वेळ घालवायला मी चाकणचा किल्ला सांगायला घेतला. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी तो शाएस्तेखानाच्या फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढवला होता. शिक्षक कुठेही शिकवतोच! चिमणीचं लक्ष नव्हतं. ती हळूच म्हणाली, "बाई, रोबोट आले की आईचं काम जाणार का? बाबा म्हणत होते."

"बघू या," एवढंच म्हणाले. उत्तर मलाही ठाऊक नव्हतं.

दारात रांगोळी होती, हातावर पेढा मिळाला. पहिल्या शेडमध्ये सीटचे लोखंडी सांगाडे जोडतात. तिथे जाळीच्या पिंजऱ्यात नारिंगी रंगाचा एक भलामोठा हात उभा होता. गळ्यात (म्हणजे जिथे गळा असावा तिथे) झेंडूचा हार! तिथले एक दादा म्हणाले, "हा न थकता वेल्डिंग करतो, पण सांगाडा ठरल्या जागीच ठेवावा लागतो." लोखंड काल जसं होतं तसंच आज असतं, म्हणून त्याचं निभतं. पिंजरा नसलेले छोटे रोबोटही असतात बरं का. बजाज ऑटोने २०१० पासून माणसांच्या शेजारी उभे राहून काम करणारे रोबोट आपल्या कारखान्यांत आणले.

पुढच्या शेडमध्ये मात्र नुसत्या शिलाई मशिनांच्या रांगा. रोबोट एकही नाही. चिमणीच्या आईने माझ्या हातात दोन काळे तुकडे दिले. "डोळे मिटा आणि फरक सांगा, बाई." मी चाचपलं, चोळलं, आणि चक्क नापास झाले. तिने एकदाच चिमटीत धरलं. "याच्या मागे फोम जाड आहे. आणि हे आडवं ताणतं, उभं नाही. उलटं शिवलं तर सीटला सुरकुती पडते." मग तिने सीटच्या बाजूची एक शिवण दाखवली. आत एअरबॅग असते. अपघातात ती फुगली की ही शिवण क्षणात उसवायलाच हवी, म्हणून दोराही वेगळा आणि टाकेही मोजून. घट्ट शिवलं तर जीव जाईल!

हे रोबोटला का जमत नाही? कापड उचललं की त्याचा आकार बदलतो. पुन्हा उचला, पुन्हा वेगळा. २०१० साली अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या रोबोटने पन्नासच्या पन्नास टॉवेल बरोबर घडी केले, पण एका टॉवेलला साधारण पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्यात तुमची आई सगळ्या घराचे कपडे घडी करून भाजीला फोडणी देईल.

तिथल्याच एमआयटी संस्थेतल्या संशोधकांनी रोबोटला चिमटीच शिकवली. बोटाच्या टोकाला मऊ, पारदर्शक जेलची गादी, तिच्यावर चमकत्या रंगाचा पातळ थर आणि आतल्या बाजूला दिवे व कॅमेरा. कापड दाबलं की त्याची वीण गादीवर उमटते, जसा ओल्या मातीवर नाण्याचा छाप. कॅमेरा तो छाप बघतो. २०१८ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात रोबोट कपड्यावरची सुरकुती शोधायचा, ती चिमटीत दाबायचा आणि कापड जाड की पातळ, मऊ की राठ, लव असलेलं की गुळगुळीत हे सांगायला शिकायचा. प्रयोगाला एकूण १५३ कपडे होते. पार नवा कपडा आला की तो जास्त चुकायचा. माझ्यासारखाच!

शेवटी चिमणीने आईला तो प्रश्न विचारलाच. आई हसली नाही. म्हणाली, "कापड कापायला आधी आम्ही पाचजणी होतो. आता कापायचं मशिन आलंय, तिथे दोघी आहेत. मी शिवणीवर आले. शिवण अजून हातानेच होते. पुढचं मला तरी काय ठाऊक, गं?" आणि तिने ते दोन काळे तुकडे चिमणीच्या फ्रॉकच्या खिशात कोंबले.

परतीच्या बसमध्ये चिमणी डोळे मिटून ते चोळत होती. आडवं, उभं, पुन्हा आडवं. मग तिने आमच्या सीटवर हात फिरवला.

"बाई, हे रेक्झिन आहे. आणि इथे कुणीतरी च्युइंगम चिकटवलंय."