रविवारची मराठी



गेल्या वर्षभर दर रविवारी दुपारी साखरखेर्ड्याच्या आमच्या घरी फोनवर मराठीचा वर्ग भरतो. विद्यार्थिनी अमेरिकेची, पुण्यात मराठी शिकायला आलेली. व्याकरण तिला वर्गात भरपूर मिळतं, पण बोलायला घरचं माणूस हवं होतं, म्हणून माझ्या पुतणीने माझा नंबर दिला. मला इंग्रजी येत नाही, हीच माझी पात्रता!

तिच्याकडे मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी लिहिलेलं मराठीचं व्याकरण आहे, १९७५ सालचं. बर्नसनबाई अमेरिकेहून फलटणची बोली अभ्यासायला आल्या आणि फलटणच्याच झाल्या, पुढे तिथे शाळाही काढली. जाईताई म्हणजे इरावती कर्व्यांच्या कन्या, स्वतः लेखिका. एक बाहेरून आलेली, एक इथली, आणि पुस्तक दोघींचं. मला हे फार आवडलं.

पहिला महिना आमचं स्वयंपाकघरच चाललं. पाणी गाळणं, चौविहार, आठमला हिरवी भाजी नाही. तिने विचारलं, "काकू, पिकलेलं केळ पिवळं असतं, ते चालतं का?" या प्रश्नावर आपल्याकडे किती वाद होतात ते तुम्हाला माहीत आहेच.

मग गाडी अडली ती रागावर. ती म्हणायची, "मी राग आहे." मी सांगायचे, "मला राग आला, असं म्हण." मराठीत झोप येते, आठवण येते, तसा राग येतो. ("रागावले" हेही आहे, पण ते मी मुद्दाम नंतर शिकवलं.) "म्हणजे पाहुणा?" तिने विचारलं. मी म्हटलं, हो, पण याला चहा विचारायचा नाही. क्रोध हा कषाय आहे, आत्म्याचा स्वभाव नाही, हे व्याख्यानात कितीदा ऐकलं होतं. आपल्या रोजच्या बोलण्यातही तेच आहे, हे तिच्यामुळे लक्षात आलं.

संवत्सरीला ती आमच्याकडे आली. जालन्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. प्रतिक्रमणाला माझ्याशेजारी बसली. घरी आल्यावर क्षमापनेच्या गाथेचा अर्थ विचारला. मी सांगितला: सर्व जीवांना मी क्षमा करते, सर्व जीवांनी मला क्षमा करावी.

"आधी द्यायची?"

"हो, आधी द्यायची."

बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, वडिलांशी तीन वर्षं बोललेली नाही. आई गेल्यावर त्यांनी लगेच दुसरं लग्न केलं. त्यांनी आधी माफी मागावी म्हणून ती थांबली होती. मी काय सांगणार? त्यांची बाजू मला कुठे ठाऊक? एवढंच विचारलं, "राग अजून आहे का?"

"येतो," ती म्हणाली. "रोज येत नाही."

रात्री गच्चीवर जाऊन तिने फोन लावला. तिकडे तेव्हा सकाळ. बोलणं पाऊण तास चाललं. काय झालं ते मी विचारलं नाही. खाली आल्यावर तीच म्हणाली, 'मिच्छामि दुक्कडं' दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा वडिलांना ते गावाचं नाव वाटलं.