आमरी आणि खवले मांजर

गिरगावातून धोबीतलावाकडे चालत गेले, की सेंट झेवियर महाविद्यालयाची दगडी इमारत दिसते. तेथील ब्लॅटर वनस्पतिसंग्रह १९०६ साली सुरू झाला. कागदावर चिकटविलेल्या असंख्य सुक्या वनस्पती तेथे जपून ठेविल्या आहेत. याच महाविद्यालयातील फादर सांतापाव व त्यांचे सहकारी कापडिया यांनी १९५७ साली एका आमरीचे प्रथम वर्णन केले आणि तिला पाचगणीचे नाव दिले. सह्याद्रीच्या थोड्याशा पठारांपुरतेच तिचे घर आहे.

उन्हाळाभर ही आमरी कंदरूपाने मातीखाली निजून असते. पाऊस आला, की पाने फुटतात, मग फुले येतात. तिच्या एका बोंडात पिठाहून बारीक अशी हजारो बीजे असतात. परंतु गव्हाच्या दाण्यात अंकुरासाठी जशी शिदोरी बांधलेली असते, तशी या बीजांत मुळीच नसते. मातीतील योग्य बुरशी भेटली आणि तिने पोसले, तरच बीज रुजते. पठार खणून तेथे बंगला उभा राहिला, म्हणजे कंदही गेला आणि बुरशीही गेली.

लालबाग-परळच्या चाळींतील पुष्कळ कुटुंबे गणपतीसाठी कोकणात जातात. त्यांच्या गावचे वडीलधारे खवले मांजराला ओळखतात. नावाने मांजर, पण ते मांजराच्या कुळातले नव्हे! त्याला दात नसतात. लांब चिकट जिभेने ते मुंग्या व वाळवी टिपते. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते. ते आईच्या शेपटीवर बसून हिंडते.

आमरीला पळता येत नाही. खवले मांजराला चार पाय आहेत; पण संकट दिसताच ते अंगाचे वेटोळे करून जागच्या जागी थांबते. बिबट्याचे दात त्या खवल्यांपुढे हात टेकतात. माणूस मात्र तो गोळा उचलून सरळ पोत्यात घालतो. खवले औषधी समजून परदेशी विकले जातात. वस्तुतः आपली नखे ज्या द्रव्याची, त्याच द्रव्याचे ते खवले! या व्यापारावर बंदी घालण्याचे अनेक राष्ट्रांनी २०१६ साली ठरविले. तरीही चोरटी शिकार थांबलेली नाही.

चिपळूण तालुक्यातील डुगवे गावाने २०२० साली 'खवलोत्सव' केला. खवले मांजराची प्रतिकृती पालखीत बसवून गावकऱ्यांनी मिरविली. पाचगणीच्या आमरीसाठी अशी पालखी निघाल्याचे ऐकिवात नाही. पावसाळ्यात सहलीला आलेली माणसे तिच्यावरून चालत जातात. बहुतेकांना ती गवतच वाटते.