‘बोनाफाईड’ म्हणजे काय रे भाऊ?



जून महिना लागला की शाळेच्या ऑफिसच्या दारात एकच वाक्य ऐकू येतं, "सर, बोनाफाईड पाहिजे." एसटीचा पास, शिष्यवृत्ती, वसतिगृह, जातीचा दाखला, कशालाही हा कागद लागतो. इथे भामरागडला आमची मुलं घरी माडिया बोलतात, मराठी शाळेत येऊन शिकतात आणि इंग्रजी त्याच्याही नंतर. पण ‘बोनाफाईड’ हा शब्द त्यांच्या पटकन तोंडी बसतो. गंमत अशी, की हा शब्द माडिया नाही, मराठी नाही आणि मुळात इंग्रजीही नाही. तो लॅटिन आहे.

खरं तर हे दोन शब्द आहेत. ‘बोना’ म्हणजे चांगला आणि ‘फिदेस’ म्हणजे विश्वास, दिलेल्या शब्दाला जागणं. ‘बोना फिदे’ म्हणजे सद्भावनेने, खऱ्या मनाने. रोमन लोकांनी फिदेसला देवी मानलं होतं आणि रोमच्या कॅपिटोलिन टेकडीवर तिचं देऊळही होतं. त्यांच्या कायद्यात काही करार याच तत्त्वावर तपासले जात. नुसते ठरलेले शब्द बघायचे नाहीत, दोघं एकमेकांशी प्रामाणिकपणे वागले का, तेही बघायचं.

इंग्रजीने तो जसाच्या तसा उचलला. बोनाफाईड विद्यार्थी म्हणजे खरोखर या शाळेत शिकणारा. रेल्वेतला बोनाफाईड प्रवासी म्हणजे योग्य तिकीट किंवा पास असलेला. याच्या उलट ‘मालाफाईड’, म्हणजे वाईट हेतूने केलेलं. कोर्टाच्या बातम्यांत तो वाचला असेल. तहसीलमध्ये आपण ज्याला ‘ॲफिडेव्हिट’ म्हणतो तोही याच मुळाचा. इंग्रजीतले फेथ आणि कॉन्फिडन्स हेही त्याच घराण्यातले. वर्गात फळ्यावर हे शब्द शेजारी-शेजारी लिहून बघा, मुलांना नातं लगेच दिसतं.

आमच्या पालकांसाठी हा शब्द आणखी एका ठिकाणी येतो, तो म्हणजे २००६ च्या वनहक्क कायद्यात. उपजीविकेच्या ‘बोनाफाईड’ गरजांसाठी जो जंगलावर अवलंबून आहे, त्याचा हक्क हा कायदा मान्य करतो. २०१२ साली नियम सुधारले. त्यात घरच्या गरजेपेक्षा जास्त निघालेला माल विकणं हीसुद्धा बोनाफाईड गरज धरली गेली. म्हणजे मोह, तेंदूपत्ता, बांबू विकून मुलाची वही आणणारा बाप कायद्याच्या भाषेत बोनाफाईड ठरतो. एका शब्दात केवढं मावलंय बघा!

आता आपल्या कामाचं. भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ५२ मध्ये ‘सद्भावना’ कशाला म्हणायचं हे सांगितलं होतं. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट सद्भावनेने केली असं म्हणता येत नाही, असा त्याचा अर्थ. मन साफ असणं पुरेसं नाही, काळजीही घ्यावी लागते. बोनाफाईडवर सही करणाऱ्या प्रत्येक गुरुजींनी हे लक्षात ठेवावं.

कारण इकडे त्या सहीला फार वजन आहे. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा विचारतात. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला १९७३ ला आणि तिथली शाळा १९७६ ला. कित्येक घरांत शाळेत जाणारी ही पहिली किंवा दुसरीच पिढी. आजोबांच्या नावाचा शाळेचा कागद येणार कुठून? मग आपल्या जनरल रजिस्टरमधली ओळ हाच त्या घराचा शाळेतला पहिला पुरावा. उद्या नातवंडंही त्याच ओळीचा उतारा मागायला येतील. त्यात आडनावाचा एखादा ह्रस्व-दीर्घ चुकला, जन्मतारीख अंदाजे ‘१ जून’ टाकली, जमातीच्या रकान्यात अर्धवट लिहिलं, तर त्याचा त्रास वीस वर्षांनी त्या मुलाला होतो. मूल शाळा सोडून गेल्यावर नोंद बदलणं फार अवघड. त्यासाठी गडचिरोलीच्या चकरा, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद.

म्हणून एक विनंती. दाखलपात्र मुलाची नोंद करताना ती पालकांना मोठ्याने वाचून दाखवा. त्यांना मराठी नीट समजत नसेल तर वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलीला माडियात सांगायला लावा. आधार कार्ड, जन्म दाखला आणि रजिस्टर तिन्ही समोर ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. दहा मिनिटं जास्त लागतील.

आणि पालकहो, तुम्हीही दाखला हातात आला की घडी घालून खिशात टाकू नका. आधी वाचा. स्वतःला वाचता येत नसेल तर मुलाकडून वाचून घ्या. चूक दिसली तर तिथेच सांगा, कुणी रागावणार नाही. आपण एकमेकांवर ठेवलेल्या विश्वासाचाच तो कागद आहे, त्याचं नावच तसं आहे.