धने-जिऱ्याची नाकेबंदी

३१ मे २०१०, सोमवार

पाळी दुपारची होती, पण सकाळीच डेस्कवरून बोलावणं आलं. गाझाकडे मदत घेऊन निघालेल्या सहा जहाजांच्या ताफ्यावर इस्रायली कमांडोंनी पहाटे भर समुद्रात धाड घातली. सगळ्यांत मोठं जहाज ‘मावी मारमारा’. त्यावर पाचशेहून जास्त माणसं, बहुतेक तुर्की. मृतांचा आकडा दुपारभर वर-खाली होत राहिला. एकदा तर एकोणीसपर्यंत गेला. मी ‘किमान दहा’वर थांबलो आणि डाक आवृत्ती सोडली.

संध्याकाळी इस्रायली लष्कराने चित्रफीत दिली. वरून घेतलेली, काळी-पांढरी. हेलिकॉप्टरच्या दोरावरून एकेक सैनिक उतरतो आणि खालची माणसं त्याला गजांनी, काठ्यांनी झोडपतात. एकाला उचलून खालच्या डेकवर फेकतात. चित्रफीत खोटी वाटत नाही, मारहाण झालीच आहे. पण ती सुरू होते सैनिक दोरावरून उतरताना. त्याच्या आधी काय झालं, आणि नंतर गोळ्या कशा सुटल्या, ते तिच्यात नाही. जहाजावर पत्रकार होते, कॅमेरे होते. ते सगळं आता अश्दोद बंदरात जप्त होऊन पडलंय. जगभरच्या वाहिन्या रात्रभर मुख्यतः तोच तुकडा दाखवत होत्या, कारण दाखवायला दुसरं फारसं काही हातात नव्हतं. असा पक्षपात बातमी डेस्कवर यायच्या आधीच घडून गेलेला असतो, आणि इथे बसलेल्या कितीही सरळ माणसाला तो पुसता येत नाही.

२ जून, बुधवार

मृतांचा आकडा नऊवर स्थिरावला. इजिप्तने कालपासून रफाहचा नाका उघडलाय. आपल्या परराष्ट्र खात्यानेही बळाच्या या वापराचं समर्थन होऊच शकत नाही, असं स्पष्ट म्हटलंय.

रात्री अश्दोदहून मैत्रिणीचा फोन. अलिबागला आम्ही एका वर्गात होतो. तिच्या घरचे सगळे बेने इस्रायल, लग्नानंतर ती तिकडे गेली. तिकडे राहूनही तिची मराठी माझ्यापेक्षा ठसठशीत आहे. जहाजं तिच्याच गावाच्या बंदरात आणलीत.

“तुमचे पेपर वाचले नेटवर. आमचे सैनिक मार खातायत ते कुठेय रे? आणि तू २००८च्या डिसेंबरात कुठे होतास? ग्राड रॉकेट पडलं अश्दोदला, बाई मेली. सायरन झाला की पोरांना घेऊन जिन्याखाली धावायचो आम्ही. तेव्हा छापलंस काय?”

छापलं होतं. पण तिच्या बोलण्यात तथ्य आहे: गाझालगतच्या सदेरोतवर २००१पासून रॉकेटं पडतायत आणि आमच्या पानावर ती क्वचितच आली. मात्र २००७च्या जूनमध्ये हमासने गाझा ताब्यात घेतल्यावर इस्रायलने तिथले नाके आवळले, तीन वर्षं दीड लाख नव्हे, पंधरा लाख माणसं कोंडलेली आहेत, आणि तेही आमच्या पानावर क्वचितच आलं. जहाजावर माणसं मेली तेव्हा गाझा पान एकवर आली.

ती म्हणाली, नाकेबंदी नसती तर शस्त्रांची जहाजं थेट गाझाच्या किनाऱ्याला लागली असती. ‘करीन ए’ आठव. आठवतं. जानेवारी २००२, तांबड्या समुद्रात पकडलेलं, पन्नास टन शस्त्रं. पण तेव्हा सागरी नाकेबंदी जाहीर झालेली नव्हती. ती झाली ३ जानेवारी २००९ला. शस्त्रांचं जहाज त्याआधीही पकडता येत होतं. हे मी बोललो, तरी तिने फोन ठेवला नाही, हे महत्त्वाचं.

५ जून, शनिवार

‘रेचल कॉरी’ हे मागे राहिलेलं जहाज आज अडवलं. कुणालाही इजा नाही. म्हणजे असंही अडवता येतं.

काल लष्कराने जहाजांशी झालेल्या संभाषणाची एक ध्वनिफीत दिली होती. त्यात कुणीतरी ‘परत आउशविट्झला जा’ असं म्हणतं. आज त्यांनीच खुलासा केला की फीत संपादित होती आणि आवाज कोणत्या जहाजावरचा हे सांगता येत नाही. पहिली बातमी लोकांच्या डोक्यात बसली, खुलासा कोण वाचणार? मी तो कालच्या बातमीच्याच जागी, त्याच मापात लावायला लावला. वृत्तसंपादक कुरकुरले, पण लावला.

आज शब्बाथ, तिचा फोन नाही.

८ जून, मंगळवार

आता उलट बाजूचं प्रकरण. जहाजावर कार्यकर्त्यांनी धरून ठेवलेल्या जखमी सैनिकाचा फोटो रॉयटर्सने दिला, त्यात कडेच्या माणसाच्या हातातला सुरा कापला गेलेला. मूळ फोटोत तो स्वच्छ दिसतो. एजन्सी म्हणते, कडा कापताना नेहमीच्या रीतीने झालं. मूळ फोटो आता दिलाय.

डेस्कवर दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. मूळ चौकटीत डाव्या-उजव्या कडेला रिकामी जागा नाही, हात आहेत, आणि एका हातात पातं. फोटो कापणाऱ्याची नजर मधल्या चेहऱ्यावर असते, हे मला रोजच्या कामातून ठाऊक आहे. तरी सांगतो, सुरा कापायला नको होता. ‘निःशस्त्र’ आणि ‘सशस्त्र’ यावर जग आठ दिवस भांडतंय आणि पुरावा त्या कडेला होता. मैत्रिणीने तो दुवा पाठवून खाली फक्त प्रश्नचिन्ह टाकलं. मी लिहिलं: तुझं बरोबर आहे. आणि मूळ फोटो छापला, सुऱ्यासकट.

१४ जून, सोमवार

गाझात काय जाऊ द्यायचं याची यादी हाती आली. ‘गिशा’ या इस्रायली संस्थेने ती जमवलीय. सरकार अधिकृत यादी देत नाही म्हणून ही संस्था कोर्टात भांडतेय, आणि व्यापाऱ्यांना काय नाकारलं गेलं ते विचारून तिने हे मांडलंय.

कोथिंबीर आणि धने नाहीत. जिरं नाही, वेलची नाही, आलं नाही, जायफळ नाही. दालचिनी चालते. जॅम, हलवा, चॉकलेट, व्हिनेगर नाही. ताजं मांस नाही. वह्या नाहीत, ए-फोर कागद नाही, खेळणी नाहीत, वाद्यं नाहीत. शिवणयंत्रं, मासेमारीचे गळ आणि जाळी, कोंबडीची पिल्लं, गाढवं, सगळं बंद. सिमेंट आणि लोखंडाचं समजू शकतो, त्याने बंकर बांधता येतात, रॉकेटची नळी करता येते. जिऱ्याचं काय करता येतं?

कुठल्याही वाणसामानाच्या दुकानात उभं राहून ही यादी वाचावी. ज्याने दालचिनीपुढे हो आणि जिऱ्यापुढे नाही लिहिलं, तो रॉकेटचा विचार करत नव्हता.

नाकेबंदीच्या समर्थनाचा सगळा वाद इथे निकालात निघतो असं मला वाटतं. सागरी युद्धाची सॅन रेमो नियमावली, १९९४ची. तिच्या १०२व्या कलमात नाकेबंदी केव्हा निषिद्ध ते लिहिलंय: हेतू केवळ लोकांना उपाशी मारण्याचा असेल तर, किंवा नागरिकांचं नुकसान लष्करी लाभाच्या मानाने अति असेल तर. हे ठरवायला जहाजावर कोणी कोणाला आधी मारलं ते कळायची गरज नाही, यादी पुरेशी आहे. आणि पंधरा दिवस आपण सगळे, तिकडचे आणि इकडचे, डेकवरच्या काही मिनिटांवर भांडतोय.

तिला फोनवर वाचून दाखवली. ती गप्प ऐकत होती. मग उसळली: “आणि तुम्ही गोव्याला काय केलंत?” प्रश्न रास्त आहे. १९५५ला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या चालवल्यावर आपण रेल्वे तोडली, व्यापार थांबवला. मुंबईत राबणाऱ्या गोवेकरांचं घरी जाणं-येणं अडलं. त्यांचे हाल आपण कधी मनापासून लिहिले नाहीत, हे मी तिला सांगितलं. पण मुरगावचं बंदर चालू होतं. तांदूळ येत होता, लोहखनिज जपानला जात होतं. गाझाचा समुद्रही बंद आहे. मच्छीमाराला ऑस्लो करारात वीस सागरी मैल दिले होते, गेल्या वर्षापासून तीन.

२१ जून, सोमवार

इस्रायली मंत्रिमंडळाने काल जाहीर केलं: यापुढे परवानगीची यादी नाही, फक्त बंदीची. बाकी सगळं जाईल. धने गेले तर सुरक्षितता कोसळत नाही, हे त्यांनीच मान्य केलं. सागरी नाकेबंदी कायम. बातमी आतल्या पानावर, दीड कॉलम.

३ सप्टेंबर २०११, शनिवार

धाडीची चौकशी करणाऱ्या, न्यूझीलंडचे माजी पंतप्रधान जेफ्री पामर यांच्या संयुक्त राष्ट्र समितीचा अहवाल आला. सागरी नाकेबंदी कायदेशीर, पण जहाजावर वापरलेलं बळ अतिरेकी आणि अवाजवी. तुर्कस्तानने इस्रायली राजदूताला परत पाठवलं.

एका एजन्सीच्या कॉपीत पहिल्या वाक्यात ‘कायदेशीर’, दुसरीत ‘अतिरेकी’. दोन्ही खऱ्या. मी मथळ्यात दोन्ही बसवलं, लांब झाला तरी.

पण समितीचा एक मुद्दा मला पटत नाही, आणि तो कुणी धरून बसलेलं दिसत नाही. त्यांनी समुद्र वेगळा आणि जमिनीवरचे नाके वेगळे धरून निकाल दिला. गाझातल्या माणसाला असं वेगळं करून जगता येतं का? नाके उघडे असते तर समुद्र बंद ठेवणं ही सुरक्षेची बाब म्हणता आली असती. संयुक्त राष्ट्रांच्याच मानवाधिकार परिषदेच्या चौकशीने गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात दोन्ही एकत्र पाहिलं आणि नाकेबंदी बेकायदा ठरवली. मला तेच योग्य वाटतं.

१८ ऑक्टोबर २०१२, गुरुवार

‘गिशा’ साडेतीन वर्षं कोर्टात भांडली आणि कागद बाहेर आला. जानेवारी २००८चा, संरक्षण खात्याचा. गाझातल्या माणसाला दिवसाला सरासरी २,२७९ कॅलरी लागतात, त्यासाठी रोज १०६ ट्रक. आरोग्य खात्याच्या मदतीने वय, पुरुष-स्त्री असा हिशोब मांडलेला. खातं म्हणतं, हा केवळ मसुदा होता, धोरण म्हणून कधी वापरला नाही. कुपोषण होऊ नये म्हणूनच आकडा काढला.

वृत्तसंपादक म्हणाले, जुनी गोष्ट, संक्षिप्तात घ्या. मी ऐकलं नाही. नऊ माणसं मेली तेव्हा आपण आठवडाभर पान एक दिलं, आणि ज्या नाकेबंदीमुळे ती जहाजं निघाली तिचा सरकारी कागद हाती आलाय तर चार ओळी? शेवटी विदेशच्या पानावर तीन कॉलम मिळाले.

तिला कात्रण पाठवलं. लगेच उत्तर: “कागद वापरला नाही असं आमचं सरकार म्हणतंय, ते छापलंस का?”

दुसऱ्याच परिच्छेदात आहे, मी लिहिलं. मग वापरलाच नव्हता तर तो साडेतीन वर्षं कोर्टात का झाकला, ते तुझ्याकडचे पेपर विचारतायत का, ते वाचून मला सांग.