वहिवाट

व्हर्जिनिया राज्यातील हर्नडन या आमच्या गावाच्या मध्यभागी एक जुने लाकडी रेल्वे स्थानक उभे आहे. त्याच्यासमोर रूळ नाहीत. रुळांच्या जागी डांबराची एक अरुंद सडक पूर्वेस वॉशिंग्टनच्या दिशेने आणि पश्चिमेस ब्लू रिजच्या डोंगरांकडे निघून जाते. गेली बावीस वर्षे मी त्या सडकेवर संध्याकाळी फिरावयास जात आलो, परंतु तिची दोन्ही टोके कधी पाहिली नव्हती. गेल्या ऑक्टोबरात गावातील काही मंडळींनी एक आव्हान जाहीर केले : शर्लिंग्टनपासून पर्सेलव्हिलपर्यंतचा सबंध 45 मैलांचा, म्हणजे सुमारे 72 किलोमीटरांचा, हा मार्ग चार रविवारी चार टप्प्यांत ज्याने त्याने आपल्या गतीने धावून पुरा करावयाचा. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी असल्या गोष्टीत पडू नये, असे घरातील सर्वांचे मत होते. तरीही मी नाव नोंदविले, आणि त्याचे कारण व्हर्जिनियात नसून वऱ्हाडात होते.

माझे वडील शकुंतला रेल्वेवर चावीवाले होते. मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी 113 किलोमीटर जाणारी ती अरुंद मापाची गाडी वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लावण्यासाठी एका विलायती कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी घातली. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा घेऊन बाबा रोज पहाटे दारव्ह्याच्या बाजूचा आपला ठरलेला तुकडा चालून येत, सैल झालेली चावी दिसली की ठोकून घट्ट करीत, आणि सुटीच्या दिवशी मी त्यांच्या मागे स्लीपरांवरून उड्या मारीत जात असे. "गाडीले चढ जमत नाई," ते एकदा म्हणाले, "म्हनून मानसानं टेकडी कापली अन् नाला भरला." हे वाक्य मला त्या वयात उमगले नव्हते, ते पायांना कळावयास चाळीस वर्षे आणि सातासमुद्रांचे अंतर लागले.

कारण पहिल्याच रविवारी, शर्लिंग्टनहून व्हिएन्नाच्या दिशेने धावताना, जेथे डोळ्यांना वाट सपाट दिसत होती तेथे पोटऱ्या तिचा चढ सांगू लागल्या. साधा रस्ता जमिनीच्या लहरीप्रमाणे चढतो आणि उतरतो. रेल्वेची वाट मात्र आपला चढ मैलोगणती विभागून घेते, वळणे विस्तीर्ण ठेवते, टेकडी आली की तिच्या पोटातून जाते आणि सखल भाग आला की उंच भरावावरून, दोन्ही बाजूंच्या झाडांच्या शेंड्यांजवळून, माणसाला अलगद पलीकडे नेते. पाठीमागून सायकलस्वार 'ऑन युअर लेफ्ट' अशी हाक देत पुढे जात होते आणि मी उजवी कड धरून, दीड शतकामागे होऊन गेलेल्या कोण्या अनाम अभियंत्याची आखणी पावलापावलाने वाचीत होतो. व्हिएन्नाजवळ 1861 च्या जूनमध्ये यादवी युद्धातील सैनिकांनी भरलेली आगगाडी तोफांच्या माऱ्यात सापडली होती. आज तेथे मुले तीनचाकी सायकली चालवितात.

दुसरा टप्पा निर्विघ्न पार पडला. तिसऱ्या रविवारी मात्र ॲशबर्नच्या पुढील दगडाची खाण मागे टाकून गूस क्रीकच्या पुलावर पोचतो न पोचतो तोच उजव्या पोटरीत असा वांब आला की कठड्याला धरून मी खालीच बसलो. मागून काठी टेकीत येणाऱ्या एक वृद्ध बाई थांबल्या, त्यांनी आपल्या बाटलीतले पाणी मला दिले आणि मी सावरेपर्यंत शेजारी उभ्या राहिल्या. त्या लीझबर्गच्या. लहानपणी आईचे बोट धरून त्यांनी याच मार्गावरून गाडीने प्रवास केला होता. उतारूंची वाहतूक 1951 साली थांबली आणि मालगाडीही 1968 साली बंद झाली. "गाडी गेल्याचे दुःख झाले," त्या म्हणाल्या, "पण भीती जमिनीची होती. एकदा तुकडे पडले असते, तर कोणाला पुन्हा जोडता आले असते?"

तो प्रश्न मनात घेऊन मी लीझबर्गपर्यंत लंगडत गेलो आणि त्या आठवड्यात या मार्गाचा इतिहास वाचून काढला. 1847 साली सनद मिळविलेली आणि पुढे हँपशायर परगण्यातील कोळशापर्यंत जाण्याची उमेद धरलेली ही रेल्वे 1860 साली लीझबर्गला पोचली. कोळशापर्यंत ती कधीच गेली नाही. गाडी बंद झाल्यावर सुमारे 100 फूट रुंदीचा हा पट्टा काही अंशी राज्याच्या रस्तेखात्याकडे व बहुतांशी वीज कंपनीकडे गेला. कंपनीला आपल्या तारांसाठी तो सलग हवा होता, म्हणून तो सलग राहिला. आणि पुढे उत्तर व्हर्जिनियाच्या प्रादेशिक उद्यान प्राधिकरणाने टप्प्याटप्प्याने तो खरेदी केला. 1974 साली फॉल्स चर्च येथे पायवाटेचा पहिला लहानसा भाग खुला झाला आणि 1988 साली ती पर्सेलव्हिलला पोचली. आपल्याकडे जिला वहिवाट म्हणतात ती येथे गाडी गेल्यावरही मोडली नाही. ज्या दूरदृष्टीच्या माणसांनी तिचा पाठपुरावा केला त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो, कारण चौदा वर्षे नेटाने एक वाट पुरी करणे हे दोन दिवसांच्या उत्साहाचे काम नव्हे.

चौथ्या रविवारी लीझबर्गच्या पुढचा लांब चढ मी सावकाश चढलो, क्लार्क्स गॅपच्या दगडी कमानीखाली क्षणभर थांबलो आणि उन्हात पिवळ्या पडलेल्या मॅपलच्या पानांतून पर्सेलव्हिलच्या स्थानकाशी आलो. तेथे डांबर संपते. रेल्वे मात्र तेथे संपत नव्हती. ती पुढे ब्लूमाँटपर्यंत, डोंगराच्या पायथ्याशी, जात असे. तो पुढचा तुकडा 1939 सालीच, कोणाच्या मनात पायवाटेचा विचारही नसताना, बंद पडला आणि त्याची जमीन एकसंध राहिली नाही. मी स्थानकापलीकडे थोडे चालून पाहिले. ज्या वाटेवरून सहज पुढे धावत जावे, ती तेथे धावणाऱ्यासाठी उरलेलीच नव्हती.

शकुंतला आज बंद आहे. ती पुन्हा, मोठ्या मापाच्या रुळांवर, सुरू व्हावी ही माझ्या मुलखातील माणसांची मागणी न्याय्य आहे आणि माझीही तीच इच्छा आहे. परंतु गाडी येवो अथवा न येवो, त्या 113 किलोमीटरांचा भराव अखंड राहिला पाहिजे, कारण जमीन सलग असेल तरच तेथे पुन्हा रूळ पडतील किंवा पायवाट तरी होईल. मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, यवतमाळ या वाटेला ज्यांची शेते लागून आहेत त्यांना माझी हात जोडून विनंती आहे : आपल्या शेताचा बांध त्या भरावाच्या हद्दीत सरकवू नका.